सिंग्युलॅरिटीजवळ फॉर्मचा विस्तार करताना या चुका टाळा

नागपुरात रविवारी सकाळी माझ्याकडे फोलिएशन, म्हणजे अवकाशाची थरांसारख्या 'पानां'त विभागणी, वाचायला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: "सिंग्युलर संचाचं कोडायमेन्शन किमान २ आहे, म्हणून हार्टॉग्जच्या प्रमेयानुसार फॉर्मचा विस्तार होतो." (फॉर्म म्हणजे ए डीएक्स + बी डीवाय अशी राशी; सिंग्युलर संच म्हणजे फोलिएशन देणारा फॉर्म जिथे शून्य होतो ते बिंदू; कोडायमेन्शन म्हणजे अवकाशाच्या मितीतून संचाची मिती वजा.) हे वाक्य अर्धं बरोबर आहे. म्हणूनच ते घात करतं आणि पुढची पानंच्या पानं वाया जातात.

बरोबर असलेला अर्धा भाग आधी. फॉर्म सबंध अवकाशावरचा असेल, तर त्याचे सहगुणक ही साधी होलोमॉर्फिक (कॉम्प्लेक्स अर्थानं विकलनक्षम) फलनं असतात. कोडायमेन्शन २ किंवा अधिक असलेल्या संचावरून ती आपोआप पुढे जातात, हेच हार्टॉग्जचं प्रमेय. इथे फोलिएशनचा संबंधच येत नाही.

पण बहुतेक वेळा आपल्या हातात असतो तो पानांवरचा फॉर्म. ओमेगा या फॉर्मनं फोलिएशन दिलं असेल, म्हणजे पानांवर ओमेगा शून्य होत असेल, तर ओमेगाच्या पटीनं वेगळे असलेले दोन फॉर्म पानांवर एकच ठरतात. म्हणजे आपल्याजवळ फॉर्म नसून फॉर्मचा वर्ग (क्लास) असतो. त्याला सहगुणकांची एक ठरावीक जोडी नसते, मग हार्टॉग्ज लावायचा कशाला?

"सर, काहून नाही होणार? एकच बिंदू तर सोडलाय," असं एका विद्यार्थिनीनं विचारलं. मी म्हटलं, "अगं, मग तो फॉर्म लिहून दाखव." उदाहरण सगळ्यांत साधं घेतलं: दोन कॉम्प्लेक्स चलांचं अवकाश आणि ओमेगा = एक्स डीवाय − वाय डीएक्स. पानं म्हणजे उगमातून जाणाऱ्या रेषा, आणि त्यांना स्पर्श करणारं सदिश क्षेत्र आर = एक्स ∂एक्स + वाय ∂वाय. आरवर ज्याची किंमत १ येते, असा पानांवरचा फॉर्म घ्या. एक्स शून्य नसेल तिथे तो डीएक्स/एक्स आहे, वाय शून्य नसेल तिथे डीवाय/वाय. दोघांची वजाबाकी −ओमेगा/(एक्स वाय) येते, म्हणजे पानांवर शून्य. उगम सोडून सगळीकडे काम चोख. आता तिनं सबंध अवकाशावरचा फॉर्म ए डीएक्स + बी डीवाय असा मांडला आणि त्यात आर घातला: ए एक्स + बी वाय = १. उगमावर किंमत घातली की ० = १. विस्तार नाही, विषय संपला.

आरवरची किंमत १ हे फलन मात्र उगमापर्यंत आरामात जातं. त्यामुळे विस्तार कुठल्या शीफमध्ये, म्हणजे कुठल्या प्रकारच्या फॉर्मच्या कुटुंबात हवा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. स्पर्शरेषांच्या द्वैती शीफमध्ये (जिथे फक्त आरवरची किंमत मोजली जाते) तो आहे, अवकाशावरच्या फॉर्मचं पानांवरचं बंधन म्हणून तो नाही.

अडलात तर हीच वजाबाकी करून पाहा. दोन चलांत, उगमाभोवती, फरकाला ओमेगानं भागा आणि भागाकाराची लोरां श्रेणी (ऋण घातही चालणारी घातश्रेणी) लिहा. एक्स आणि वाय दोघांचेही घात ऋण असलेलं एकही पद नसेल, तर विस्तार होतो. एक जरी उरलं, तरी होत नाही. आपल्या उदाहरणात १/(एक्स वाय) उरलं. अशा उरलेल्या पदांच्या हिशेबालाच पहिली कोहोमॉलॉजी म्हणतात. स्टाइन परिसरात (होलोमॉर्फिक फलनं भरपूर असलेल्या, उदाहरणार्थ गोलात) सिंग्युलर संचाचं कोडायमेन्शन ३ किंवा अधिक असेल, तर ती शून्य होते. खरी सीमारेषा ३ वर आहे, २ वर नाही. फ्रेंच गणिती मालग्रांजनं १९७६ साली दाखवलं की सिंग्युलर संचाचं कोडायमेन्शन किमान ३ असेल तर इंटिग्रेबल (ज्यातून खरोखर पानं मिळतात असा) ओमेगा स्थानिक पातळीवर एफ डीजी असाच असतो. तिथेही हाच ३ आहे.

डीओमेगा (ओमेगाचं बाह्य विकलन) = ईटा ∧ ओमेगा लिहून ईटा होलोमॉर्फिक धरणं, ही त्याच चुकीची सख्खी बहीण. वरच्या उदाहरणात डीओमेगा = २ डीएक्स ∧ डीवाय आहे. त्यात आर घातला की ईटाची आरवरची किंमत २ येते, म्हणजे तोच अडलेला फॉर्म दुपटीनं. पण हा अडथळा फेकून देऊ नका, मला तर या विषयातली सगळ्यांत सुंदर गोष्ट इथेच वाटते. तो मोजणारा बाउम–बॉट निर्देशांक म्हणजे सिंग्युलर बिंदूपाशी सदिश क्षेत्राच्या रेषीय भागाच्या ट्रेसचा वर्ग भागिले त्याच भागाचा डिटर्मिनंट, इथे ४. प्रोजेक्टिव्ह प्रतलावर डिग्री डी असलेल्या फोलिएशनच्या निर्देशांकांची बेरीज (डी + २) चा वर्ग असते. एका बिंदूतून जाणाऱ्या रेषांची डिग्री ०, सिंग्युलर बिंदू एकच, बेरीज ४. हिशेब जुळला.

बाकीच्या चुका लवकर सापडतात. ओमेगाच्या सहगुणकांतला सामाईक अवयव आधी काढून टाका, नाहीतर सिंग्युलर संचात अख्खा वक्र घुसतो. स्मूथ कट-ऑफ फलनानं गुणून फॉर्म पुढे नेला, तर उगमाजवळची माहिती जाते आणि होलोमॉर्फिकपणाही.

आणि सेपरॅट्रिक्सवर, म्हणजे सिंग्युलर बिंदूतून जाणाऱ्या आणि फोलिएशनला स्पर्श करत राहणाऱ्या वक्रावर, काम करत असाल तर जपून. २ एक्स डीवाय − ३ वाय डीएक्स या फोलिएशनला वायवर्ग = एक्सघन हा टोकदार वक्र आहे. वक्राची मिती १, म्हणून टोकाच्या बिंदूचं कोडायमेन्शनही १, तिथे हार्टॉग्जचं नावच काढू नका. एक्स = टीवर्ग, वाय = टीघन ठेवलं की डीएक्स = २ टी डीटी आणि डीवाय = ३ टीवर्ग डीटी. म्हणून डीटी हा फॉर्म वक्राच्या पॅरामीटरमध्ये कितीही निर्मळ दिसला, तरी बाहेरच्या कुठल्याही होलोमॉर्फिक फॉर्मपासून तो मिळत नाही.