वस्तीत यूपीआय पिनबद्दल समजावताना

पुण्यात जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रोडच्या वस्तीत बैठक घ्यायची असेल, तर छापील पत्रक नेऊ नका. दहाच जण, वीस मिनिटं आणि एकच गोष्ट. ओटीपी, लिंक, केवायसी सगळं एकदम सांगितलं, तर घरी जाईपर्यंत काहीच उरत नाही.

ती गोष्ट ही: ‘पैसे येताना पिन लागत नाही.’ उपमा दानपेटीची द्या. दगडूशेठला पेटीत नोट कुणीही टाकतं, किल्ली लागते ती पेटी उघडायला. पिन म्हणजे ती किल्ली. ‘मग शिल्लक बघायला पिन का लागतो?’ असं कुणी विचारलं, तर सांगा, आत डोकवायलाही पेटी उघडावी लागतेच. अंगठ्याची उपमा मात्र टाळा. रेशन घेताना अंगठा द्यावाच लागतो. ‘घेताना अंगठा नाही’ म्हटलंत, तर ते त्यांच्या अनुभवाशी जुळत नाही आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

मग करून दाखवा. तुमचे स्वतःचे दोन फोन घ्या. एकावरून दुसऱ्यावर 1 रुपया पाठवा. दुसऱ्याला कुणी हात न लावता पैसे जमा होतात, हे सगळ्यांना बघू द्या. नंतर क्यूआर स्कॅन करून रक्कम टाका आणि पिनच्या पानावर थांबा. चार किंवा सहा रिकाम्या जागांचं ते पान हातोहात फिरवा. कुलूप-ढालीच्या चित्रांपेक्षा हे खरं पान लक्षात राहतं. त्यांचे फोन मागू नका, नाहीतर अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा असतो, हेच ते शिकतील.

‘समजलं का?’ विचारलं की सगळ्या माना हलतात. त्याऐवजी सोंग करा: ‘मावशी, तुम्हाला 5,000 चं बक्षीस लागलंय, पिन टाका, लगेच जमा होतील.’ दोघी-तिघी फसल्या, तर तुमचं वाक्य बदला.

शेवटी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर. ‘एक-नऊ-तीन-शून्य’ असा सुटा म्हणायला लावा. अक्षर न येणाऱ्यांनाही नोटांमुळे, बसच्या नंबरांमुळे आकडे बहुधा ओळखू येतात. नंबर त्यांच्याच हातानं सेव्ह करायला लावा, त्यावर लाल पंजाचा फोटो ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता यावेत, म्हणून फसल्यावर फोन ताबडतोब करायचा. तिथं व्यवहाराचा 12 अंकी नंबर लागतो, तो शेजारच्या शाळकरी पोरीकडून वाचून घेतला तरी चालतो. फसलेल्या बाईला रागावू नका, घरचे रागावतील म्हणूनच ती गप्प बसते आणि वेळ जातो.