सेंटेड कॅन्डल घेताय? आधी या चुका टाळा

मी ठाण्यात घरच्या घरी कॅन्डल बनवते, सहा वर्षं झाली आता, दिवाळीच्या आधी प्रदर्शनांत स्टॉल असतो आणि दिवाळी संपली की फोन सुरू होतात. वासच येत नाही, वात बुडाली, काच काळी झाली, डोकं धरलं. बहुतेक वेळा कॅन्डलमध्ये काही खोट नसते, निवडताना नाहीतर लावताना चूक झालेली असते आणि दरवर्षी चुका त्याच त्याच. चांगली कॅन्डल स्वस्त नसते हो, चारशे-पाचशे रुपये देऊन तुम्ही ती आणता, दिवसभराची धावपळ संपल्यावर घटकाभर शांत बसावं म्हणून आणता, आणि आठवड्याभरात ती कपाटात जाऊन पडते याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

पंधरा मिनिटं लावायची आणि विझवायची

ही सगळ्यात मोठी चूक. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एक काकू मोगऱ्याची दोनशे ग्रॅमची जार घेऊन दारात उभ्या. "अगं बघ ना काय झालंय हिला, वातच सापडत नाहीये." बघते तर मधोमध विहीर खणल्यासारखं भोक, कडेचं मेण जसंच्या तसं, आणि वात तळाशी मेणात गडप. म्हटलं काकू, किती वेळ लावत होतात? तर म्हणाल्या, "दिवेलागणीला देवापाशी दिवा लावते ना, तेव्हाच हिलाही लावते, शुभंकरोति झालं की विझवते, उगाच जळून संपायला नको."

काकूंनी तिला निरंजनाचा हिशेब लावला होता, आणि बरेच जण हेच करतात. निरंजनात तूप वातीला आयतंच मिळतं, पाच मिनिटं लावा नाहीतर तासभर, काही बिघडत नाही. जारमधलं मेण आधी वितळावं लागतं आणि ते मधून कडेकडे हळूहळू वितळत जातं. कडेपर्यंत पोचायच्या आत विझवलं की मध्ये खळगा राहतो, पुढच्या वेळी ज्योत त्या खळग्यात खाली बसते, कडेचं मेण भिंतीसारखं उभं राहतं आणि उष्णता त्याच्यापर्यंत जातच नाही. दर वेळी खळगा खोल. याला आम्ही टनेलिंग म्हणतो. आणि वास जो येतो तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून येतो, ज्योतीतून नाही, त्यामुळे तळं वाटीएवढं असायच्या ऐवजी रुपयाएवढं झालं की वासही तेवढाच येणार ना!

माझा नियम सोपा आहे, जारचं तोंड किती इंच आहे बघा, पहिल्यांदा लावताना तेवढे तास ठेवा. तीन इंचाची असेल तर तीन तास. तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या दिवशी लावूच नका, रविवारी दुपारी लावा. पुढेही दर वेळी मेण कडेपर्यंत वितळलं की मगच विझवायची, पण एका वेळी चार तासांच्या वर नाही, कारण मग काच फार तापते आणि वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो.

काकूंची जार मी ओट्यावर घेऊन बसले. आधी हेअर ड्रायरने वरचं मेण वितळवलं, टिशूने टिपून काढलं, वात पाऊण सेंटिमीटर वर दिसायला लागली. मग पेटवली, जारच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली आणि मध्ये मोठं भोक ठेवलं, म्हणजे उष्णता कडेला अडकून राहते आणि भिंती वितळायला लागतात. अर्ध्या तासात मेण सपाट झालं. त्या अर्ध्या तासात मी तिथून हलले नाही आणि तुम्हीही हलू नका, आणि फॉइल काढताना चिमट्याने काढा, हाताला चटका बसतो. आता काकू रोज लावत नाहीत, गुरुवारी आणि रविवारी लावतात, संध्याकाळपासून जेवणं होईपर्यंत.

सुरीने मेण कोरून काढणारे आणि जार मायक्रोवेव्हमध्ये ठेवणारेही भेटलेत मला. वातीच्या बुडाला पत्र्याची चकती असते, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतील. अर्धा तास थांबायची तयारी नाही म्हणून असली घाई करायची नाही, प्लीज.

झाकण उघडलं, हुंगलं, घेतली

स्टॉलवर लोक येतात, दोन मिनिटांत दहा-बारा झाकणं उघडून हुंगतात आणि शेवटी जिचा वास सगळ्यात जोरात आला ती उचलतात. चौथ्या-पाचव्या वासानंतर नाक धड काही सांगत नाही, ते थकलेलं असतं. मी तर तीनच्या वर हुंगूच देत नाही, बाहेर एक फेरी मारून या म्हणते, काहींना राग येतो.

दुसरं म्हणजे थंड मेणाचा वास आणि पेटवल्यावरचा वास यांत फार फरक असतो. लिंबू, संत्रं, गवती चहा हे हलके वास झाकण उघडल्या उघडल्या नाकात शिरतात आणि जळताना लवकर उडून जातात. चंदन, व्हॅनिला, ऊद हे जड वास, थंड असताना शांत वाटतात आणि मेण तापलं की खोलीभर पसरतात. त्यामुळे विकणाऱ्याला एकच विनंती करा, याची पेटवलेली आहे का कुठे? ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो एक तरी पेटवून ठेवतोच.

आणि कधी ओतलीये तेही विचारा. सोया वॅक्सच्या, म्हणजे सोयाबीन तेलापासून केलेल्या मेणाच्या कॅन्डलला ओतल्यावर दोन आठवडे तरी मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. दिवाळीच्या घाईत काल ओतलेली आज विकली तर वास कमीच येणार.

लेबलवर 'प्युअर चंदन तेल' असेल आणि किंमत तीनशे रुपये असेल तर जरा हिशेब करा. मेणात सुगंधी तेल साधारण ६ ते १० टक्के घालतात. दोनशे ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम तेल. खरं चंदनाचं तेल अगदी लाख रुपये किलो धरलं, म्हणजे कमीच धरलं, तरी नुसतं तेलच सोळाशे रुपयांचं झालं. मग तीनशेत कसं बसेल? त्यात फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेलं सुगंधी तेल असतं आणि त्यात वाईट काही नाही, मीही वापरते, फक्त तसं लिहायला हवं एवढंच.

खोली केवढी आणि कॅन्डल केवढी

हे मला माझ्या घरात कळलं. सुरुवातीच्या वर्षात मी तीन वातींची मोठी लॅव्हेंडर बनवली आणि कौतुकाने सासूबाईंच्या खोलीत लावली, खोली दहा बाय दहाची, एसी चालू, दारं-खिडक्या बंद, झोप चांगली लागेल म्हणून. वीस मिनिटांत त्या खोकत बाहेर आल्या. त्यांना दमा आहे आणि मला त्याचं भान राहिलं नाही. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण रात्रभर पाठीला उशी लावून बसून होत्या, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून घरात कुणाला दम्याचा त्रास आहे का हे विचारल्याशिवाय मी बेडरूमसाठी कॅन्डल विकत नाही, आणि असेल तर घेऊच नका असं स्पष्ट सांगते.

बेडरूमला एका वातीची शंभर ग्रॅमची पुरते, तीही झोपायच्या आधी मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत लावायची आणि विझवूनच झोपायचं. हॉलला दोनशेची. खिडकी बोटभर उघडी हवीच, एसी असला तरी. आणि अर्ध्या तासाने 'वास येईनासा झाला' म्हणून दुसरी पेटवू नका. वास असतो, नाक सरावलेलं असतं. गॅलरीत दहा मिनिटं उभं राहून परत आत या, लगेच कळेल.

वरून पंखा पाचवर

आपल्याकडे पंखा बंद करायचा म्हणजे संकट, मान्य आहे. पण पंख्याखाली ज्योत नाचते, मेण एकाच बाजूने वितळतं आणि काचेला काजळी धरते. मग म्हणतात सोया आहे ना, सोयाला काजळी येत नाही असं सांगितलेलं. कुठल्याही मेणाला येते, वात लांब असली आणि वारा लागला की येतेच. कोपऱ्यात ठेवा, पंखा एक-दोनवर करा, पडद्यापासून लांब आणि कपाटाच्या फळीखाली तर नकोच. खाली स्टीलची ताटली ठेवायची, मी नेहमी ठेवते.

कुणाला कुठला वास

लॅव्हेंडरने सगळ्यांनाच शांत वाटतं असं अजिबात नाही. एक ताई स्टॉलवर आल्या होत्या, मी त्यांच्यापुढे चंदन-गुलाब धरलं तर पटकन मागे सरकल्या. म्हणाल्या, आई गेली तेव्हा तेरा दिवस घरात हाच वास होता. त्यांना मी वाळ्याची दिली, माठातल्या पाण्यात वाळा घालतात ना, तोच वास, आणि त्या अजूनही तीच मागवतात. तुम्हाला कशाने बरं वाटतं ते आधी आठवा, आजोळचं काहीतरी, सुट्टीतलं काहीतरी, आणि मग शोधा. कॉफी, दालचिनी असल्या वासांनी मला तर भूक लागते, आराम वगैरे काही होत नाही.

आणि घरातला वास झाकायला कॅन्डल घेऊ नका. बोंबील तळल्यावर व्हॅनिला लावली तर दोन्ही वास मिळून जे होतं ते सहन होत नाही. पावसाळ्यात कपाटाचा कुबट वास येतो त्यालाही कॅन्डल हा उपाय नाही, ओल कुठून येतेय ते बघा. आधी खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, तासाभराने गवती चहाची लावा.

बाकीचं पटापट

दर वेळी लावायच्या आधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, मी नेलकटरने कापते, जारमध्ये हात नीट जातो.

फुंकर मारू नका. दिवा फुंकून विझवायचा नसतो असं घरात लहानपणापासून ऐकलंय ना, कॅन्डललाही तेच, फुंकलं की धुराचा वास उरतो. मी विणकामाच्या जुन्या सुईने वात मेणात बुडवते आणि लगेच सरळ उभी करते.

पाणी तर कधीच ओतू नका. तापलेल्या मेणावर पाणी पडलं की भडका उडतो आणि काच तडकू शकते. मोठी ज्योत झाली तर झाकण ठेवायचं, बास.

पॅराफिन (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण) म्हणजे विष आणि सोया म्हणजे औषध असं काही नसतं, वात नीट असणं जास्त महत्त्वाचं.

घरात मांजर असेल तर टी ट्री आणि निलगिरी नको, त्यांच्या शरीराला ती तेलं झेपत नाहीत.

मे महिन्यात कॅन्डल घेऊन उन्हातल्या गाडीत ठेवू नका, सोया पन्नास डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं.

फळांच्या, फुलांच्या आकाराच्या शोभेच्या मेणबत्त्या नैनितालहून हौसेने आणतात, छान दिसतात, पण ताटलीशिवाय लावल्या की मेण थेट टेबलावर.

तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं, त्यापुढे ज्योत काचेच्या बुडाला तापवते आणि काच फुटू शकते. जार तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेण आकसतं आणि बोथट चमच्याने सुटून येतं. जार पूर्ण निवल्यावरच आत ठेवायची. उरलेलं मेण वितळवून सिंकमध्ये मात्र ओतू नका, पाइपात जाऊन घट्ट बसतं.