गेम सुरू, पीसी बंद

आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि मोठा गेम लावला की दहाव्या मिनिटाला पीसी फटकन बंद. ना निळी स्क्रीन, ना एरर. आधी रॅम काढून पुसली, मग इन्व्हर्टरला शिव्या घातल्या. खरा चोर निघाला जुना ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कार्ड ३२० वॅटचं, पण क्षणभर त्याच्या बरंच वर उडी मारतं. तेवढ्यात सप्लायचं संरक्षण सगळी वीजच तोडून टाकतं. शिवाय मी एकाच केबलच्या दोन तोंडांवर कार्ड चालवत होतो (हा गाढवपणा माझाच). ८५० वॅटचा गोल्ड (कमी वीज वाया घालवणारा) सप्लाय घेतला, दोन वेगळ्या केबल ओढल्या. जुन्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल मात्र नव्याला लावल्या नाहीत. सॉकेट सारखं दिसलं तरी सप्लायकडच्या पिनांची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. आता रात्रभर खेळतो, घरचेच ओरडतात.