नॅनोपाय आर४एस आणि ओपनडब्ल्यूआरटी: घरचा राउटर आपल्या हाताने

घरातला राउटर दोन वेगळी कामं करतो. एक, बाहेरून येणारी लाइन घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देणं आणि नको ती वाहतूक दारातच अडवणं. दुसरं, वाय-फाय पसरवणं. बाजारातल्या डब्यात दोन्ही एकत्र येतात, आणि त्यामुळे वाय-फाय जुनं झालं की चांगला चालणारा राउटरही अडगळीत जातो. ही दोन कामं वेगळी करा, असं मी आग्रहाने सांगते. वाटपाचं काम एका छोट्या बोर्डवर स्वतः बसवा, वाय-फायसाठी आधीपासून घरात असलेला डबा वापरा. पुढे तो डबा बदलला तरी तुमची सगळी मांडणी, नियम, पत्ते जिथल्या तिथे राहतील.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. राउटर विकणारी कंपनी काही वर्षांनी अपडेट देणं थांबवते, डबा मात्र भिंतीवर तसाच दिवे लुकलुकवत राहतो. ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या प्रणालीचं तसं नाही. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या ध्यानात आलं, परवान्यानुसार २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातून हा प्रकल्प उभा राहिला. तो आजही चालू आहे.

मी नाशिकला राहते. घर दुमजली, फायबरची लाइन खालच्या मजल्यावर. मी निवडलेला बोर्ड फ्रेंडलीएलेकचा नॅनोपाय आर४एस. तळहातावर मावतो, दोन गिगाबिट पोर्ट आहेत, रॉकचिपचा आरके३३९९ हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर आहे. वाय-फाय नाही, आणि आपल्याला ते नकोच आहे. धातूची पेटी घेतली तर तीच उष्णता बाहेर टाकते, पंखा लागत नाही. बोर्डाचे आराखडे कंपनीने उघड ठेवले आहेत. मला या प्रोसेसरबद्दल विशेष आस्था आहे ती वेगळ्याच गोष्टीसाठी: चिपमध्ये कोरलेला अगदी छोटा प्रारंभिक भाग सोडला तर मेमरी जागी करण्यापासून पुढचा सगळा बूट कोड खुला उपलब्ध आहे. असं फार थोड्या बोर्डांबाबत म्हणता येतं.

हा बोर्ड बहुधा बाहेरून मागवावा लागतो, तेव्हा सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. नाही जमलं तर रास्पबेरी पाय ४ चालतो. त्याला एकच नेटवर्क पोर्ट आहे, म्हणून यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर जोडावा लागतो. रियलटेक ८१५३ चिपचा घ्या आणि त्याचा ड्रायव्हर इमेजमध्ये, म्हणजे कार्डावर उतरवायच्या प्रणालीच्या फाइलमध्ये, आधीच घाला. पुढचं बाकी सगळं जवळपास सारखंच.

बोर्डाशिवाय लागतं ते असं: ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला यूएसबी-सी चार्जर, नावाजलेल्या कंपनीची दोन मायक्रो एसडी कार्डं, दोन-तीन नेटवर्क केबल्स, आणि पहिल्या दिवसापुरता केबल लावता येईल असा संगणक. कार्डं दोन का, ते पुढे येईल.

कार्ड तयार करणं

ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर ‘फर्मवेअर सिलेक्टर’ नावाचं पान आहे. तिथे बोर्डाचं नाव टाका. लगेच डाउनलोडवर जाऊ नका. खाली पॅकेजेसची यादी बदलायची सोय आहे, तिथे एसक्यूएमचं (लाइनवरची रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयीचं, ब्राउझरमधून वापरायचं) ल्युसी पॅकेज, वायरगार्ड (बाहेरून घरच्या जाळ्यात सुरक्षित येण्याची वाट) आणि अटेंडेड सिसअपग्रेड (पुढची अपडेट्स आणणारं) या तिन्हींची भर घाला आणि मग इमेज बनवायला सांगा. ती तुमच्यासाठी खास तयार होऊन येते. बोर्ड सुरू झाल्यावर एकेक पॅकेज चढवत बसण्यापेक्षा हे बरं, कारण राउटरवर अजून इंटरनेटच नसतं.

इमेज दोन प्रकारच्या दिसतील, ईएक्सटी४ आणि स्क्वॉशएफएस. दुसरी घ्या. तिच्यात मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी राहते आणि तुमचे बदल वेगळ्या थरात साठतात. काही बिघडलं की तो थर पुसला, मूळ स्थिती परत. मोठं कार्ड घालूनही प्रणाली त्यातली थोडीच जागा वापरते. राउटरला तेवढी पुष्कळ होते. फाइल बॅलेना एचर या प्रोग्रामने कार्डावर उतरवा, कार्ड बोर्डात घाला, संगणकाची केबल लॅन (घराकडच्या) पोर्टला लावा आणि वीज द्या. वॅन (बाहेरच्या लाइनचा) पोर्ट अजून रिकामाच ठेवा.

पहिली अर्धी घटका

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. नाव रूट, पासवर्ड रिकामा. सगळ्यात आधी पासवर्ड ठेवा, मग सिस्टिममध्ये जाऊन टाइमझोन आशिया/कोलकाता करा.

पुढची पायरी बऱ्याच ठिकाणी गाळलेली दिसते आणि तिथेच लोक अडकतात. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचा, म्हणजे ओएनटीचा पत्ताही बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ हाच असतो. दोन्ही जोडले की दोन्ही बाजूंना एकच जाळं होतं आणि काहीच चालत नाही. म्हणून नेटवर्कमध्ये इंटरफेसेस, तिथे लॅन, आणि आपला पत्ता १९२.१६८.१०.१ करा. जतन करून केबल काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्यावर आत या.

लाइन जोडणं

इथे तंत्रापेक्षा फोनवरचं बोलणं जास्त कामाला येतं. तुमच्या भागातल्या केबलवाल्या दादांना चार गोष्टी विचारा: ओएनटी ब्रिज मोडवर (लाइन नुसती पुढे सोपवणाऱ्या स्थितीत) करून मिळेल का, पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड काय, व्हीएलएएन (एकाच केबलमधल्या वेगळ्या जाळ्याचा) क्रमांक आहे का, आणि लाइन मॅक ॲड्रेसला (उपकरणाच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेली आहे का. ‘ब्रिज करून द्या’ एवढंच म्हटलं की पुष्कळदा ‘ते होत नाही’ असं उत्तर येतं. ‘माझ्या राउटरवर पीपीपीओई डायल करणार आहे’ असं सांगितलं तर समोरच्याला नेमकं कळतं. ऑपरेटरने नकार दिला तर घरी आलेल्या तंत्रज्ञाशी शांतपणे बोला, काम होण्याची शक्यता तिथे अधिक.

ब्रिज झाला की वॅन इंटरफेस पीपीपीओई करून तपशील भरा. व्हीएलएएन असेल तर उपकरणाच्या नावापुढे टिंब देऊन तो क्रमांक लिहायचा. मॅक बांधलेला असेल तर जुन्या डब्याचा ॲड्रेस वॅनच्या उपकरणाला द्या. ब्रिज मिळालाच नाही तर वॅन मूळच्या डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीवर) ठेवून ओएनटीच्या मागे जोडा. दोनदा पत्तेबदल होतो, पण रोजच्या वापराला अडत नाही.

वॅनला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही ऑपरेटरच्या सामायिक पत्त्यामागे आहात. बाहेरगावाहून वायरगार्डने घरात यायचं असेल तर अशा लाइनवर आयपीव्ही४ ने जमणार नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळतो का पाहा.

वाय-फायसाठी जुन्या राउटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि नॅनोपायच्या लॅनमधून आलेली केबल त्याच्याही *लॅन* पोर्टात लावा. वॅनचा पोर्ट मोकळा राहू द्या. उरलेले लॅन पोर्ट टीव्ही आणि संगणकासाठी कामी येतात, वेगळा स्विच घ्यावा लागत नाही.

एसक्यूएम: ज्यासाठी हे सगळं करायचं

आमच्या सासूबाई रोज रात्री कॅनडातल्या नणंदेशी व्हिडिओवर बोलतात. त्याच वेळी मुलीच्या फोनमधले फोटो वर चढत असतात. लाइन १०० एमबीपीएसची, बोलायला दोन-चार पुरतात, तरी चेहरा थिजायचा आणि आवाज तुटायचा. प्लॅन वाढवून हे सुटत नाही. वाटेतल्या उपकरणांतले बफर (पॅकेट्स थांबवून ठेवायच्या जागा) भरतात आणि बोलण्याची छोटी पॅकेट्स फोटोंच्या रांगेमागे उभी राहतात. जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या लाइनवर हा त्रास तपासून त्याला बफरब्लोट नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ही रांग लांबू न देण्याची कोडेल ही पद्धत मांडली, आणि पुढे केक ही रांग-व्यवस्था २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आली. डेव्ह टाट हा माणूस दशकभराहून अधिक काळ या एकाच प्रश्नामागे लागला होता. २०२५ मध्ये तो गेला. आज घरात बसून ज्या कॉलवर आपण निवांत बोलतो त्यात त्याच्या कामाचा मोठा वाटा आहे, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत असायला हवं.

आता मांडणी. आधी मोजा: संगणकावर ८.८.८.८ कडे पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि फोनवरून मोठी फाइल अपलोड करा. मिलिसेकंदांचा आकडा दहा-वीसवरून शेकड्यांत गेला तर आजार हाच. मग नेटवर्कमध्ये एसक्यूएम उघडा. इंटरफेस म्हणून पीपीपीओई-वॅन निवडा. वेग किलोबिटमध्ये भरायचा असतो. १०० एमबीपीएसच्या लाइनला दोन्ही रकान्यांत ९०००० ने सुरुवात करा. मुद्दाम थोडा कमी, म्हणजे रांग ऑपरेटरच्या उपकरणात न लागता तुमच्या बोर्डात लागते आणि ती लावायची कशी हे तुम्ही ठरवता. क्यू डिसिप्लिन केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, लिंक लेयर इथरनेट आणि ओव्हरहेड ४४. जतन करून तीच पिंगची परीक्षा पुन्हा घ्या. आकडा स्थिर राहिला तर वेग हळूहळू वाढवत न्या, पिंग डगमगू लागलं की एक पायरी मागे. रात्री नऊच्या सुमारास, सगळी गल्ली ऑनलाइन असताना मोजलेला वेग धरा. दुपारचा आकडा फसवतो.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी फायरवॉलच्या ट्रॅफिक रूल्समध्ये एक नियम जरूर लिहा: लॅनमधून, डीव्हीआरचा मॅक ॲड्रेस, वॅनकडे, नकार. घरातल्या घरात चित्र दिसत राहतं, बाहेर काही जात नाही. लांबून पाहायचंच असेल तर वायरगार्डने घरात येऊन पाहा.

वीज जाते तिथे मिनी यूपीएस लागतोच. ओएनटी आणि वाय-फायचा डबा बहुधा १२ व्होल्टचे असतात, बोर्ड ५ व्होल्टचा. यूपीएसच्या ५ व्होल्टच्या तोंडाला खरोखर ३ अँपिअर मिळतात का, ते त्याच्या लेबलवर वाचून घ्या. पुष्कळांवर २ लिहिलेलं असतं, आणि विजेचा पुरवठा अपुरा पडून बोर्ड बंद-चालू होत राहिला की कार्ड खराब होतं.

सगळं बसलं की सिस्टिममधल्या बॅकअपमधून मांडणीची फाइल उतरवून ठेवा. मग दुसऱ्या कार्डावर तीच इमेज चढवून, तीच फाइल भरून, ते कार्ड राउटरच्या पेटीला चिकटपट्टीने लावून ठेवा. पहिलं कार्ड कधी गेलंच तर घरातलं कोणीही कार्ड बदलून लाइन चालू करू शकतं. पुढची अपडेट्स अटेंडेड सिसअपग्रेडमधून घ्या. ते तुमच्या पॅकेजेससकट नवी इमेज बनवून आणतं. मोठी आवृत्ती आली की मी शनिवारी सकाळी करते, सासूबाईंचा कॉल नसतो तेव्हा, आणि आठवडाभर व्यवस्थित चाललं की दुसरं कार्डही त्याच आवृत्तीवर आणते.