जिन्याखालचं दार : ट्रेनी आणि आर्किटेक्ट, दोघांनीही या चुका टाळा

आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला आलेल्या एका मुलाने रो-हाउसचा प्लॅन काढला. मागचं दार नेमकं जिन्याच्या मधल्या लँडिंगखाली (जिना वळतो तिथला सपाट टप्पा). मजल्याची उंची ३ मीटर, १५० मिमीच्या २० पायऱ्या, म्हणजे लँडिंग निम्म्यावर, १५०० मिमीवर. त्यातून स्लॅबची जाडी १५० वजा केली की खाली उरतात १३५०. आणि दार २१०० चं! मी लाल पेन उचललं, दोन मिनिटांत दार बाजूला सरकवलं, शीट परत दिली. महिन्याभराने दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तेच दार, तिथेच. पहिली चूक त्याची, दुसरी माझी.

उत्तर काढून देणं

पेन हातात घेऊ नका. "इथून सेक्शन काप" (म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं, उंची दाखवणारं ड्रॉइंग काढ) एवढंच म्हणा. प्लॅनमध्ये लपलेल्या बहुतेक चुका सेक्शनमध्ये उघड्या पडतात. सेक्शन काढूनही कळत नसेल तर टेप द्या. दुसऱ्या वेळी मी त्याला आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली पाठवलं. वॉचमनची सायकल बाजूला करून, वाकून तो आत शिरला, माप घेतलं आणि डोकं चोळत वर आला. ते दार कुठे हलवायचं हे मला सांगावं लागलं नाही.

स्लॅबच्या दिवशी साईट दाखवणं

त्या दिवशी मिक्सरचा आवाज, कॉन्ट्रॅक्टरची धावपळ. कुणाला बोलायला वेळ नसतो. मुलं फोटो काढून परततात. एक-दोन दिवस आधी न्या, सळई बांधून झालेली असते तेव्हा. हातात त्याच स्लॅबचं ड्रॉइंग आणि काम एकच: सळयांमधलं अंतर मोजून ड्रॉइंगशी ताडायचं, कव्हर ब्लॉक (सळई फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) कुठे सुटलेत ते बघायचं. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायला) आणि गुण्या (काटकोन बघायला) मिस्त्रीकडून शिकू द्या, तो आपल्यापेक्षा चांगलं समजावतो (आणि मुलं त्याला बिनधास्त प्रश्न विचारतात).

पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये प्रत्यक्ष कामाचं सत्र एखादंच. ते पूर्ण सत्र टॉयलेटचे टाइल-लेआउट काढण्यात घालवणारी ऑफिसं आहेत. टाइल-लेआउट जरूर काढायला लावा, पण त्यातली एक तरी टाइल बसताना त्याला बघू द्या.

आपली शैली लादणं

पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी १९५१ पासून जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या ऑफिसात होते. गुरूची छाप पुढे राहिलीच, पण दोशींचं अहमदाबादचं ऑफिस 'संगाथ' बघा: जमिनीत अर्ध्या रुतलेल्या खोल्या, चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली कमानदार छतं. ते दोशींचंच. विद्यार्थ्याची खिडकी आपल्याला आवडली नाही, तर ती तिथे का आहे हे आधी विचारावं. कारण पटण्यासारखं असेल तर खिडकी राहू द्यावी, आपल्याला कितीही खुपली तरी.

आता विद्यार्थ्यांसाठी

ज्युरीच्या (परीक्षकांपुढे डिझाइन मांडण्याच्या) आदल्या रात्री साडेअकराला पीडीएफ आणि खाली "सर, कसं वाटतंय?" याचं उत्तर "छान" असंच येणार. आठवडाभर आधी पाठवा. एकच शीट, उत्तर दिशा आणि स्केल दाखवून. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोवर माप घेता येत नाही. आणि प्रश्न नेमका विचारा: "पश्चिमेच्या बेडरूमला ६०० मिमीचा छज्जा पुरेल का?" अशा मेसेजला मी साईटवरूनही उत्तर देतो.