गूगलवर धंदा सापडावा म्हणून: प्रोफाईलला हात लावण्याआधीची तयारी

प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम, रंगकाम असा हाताचा धंदा असेल, तर गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि मॅप्सवर दिसणारी धंद्याची नोंद, करताना सुरुवात मोबाईल उघडून करू नका, वही घेऊन बसा. पहिल्या पानावर धंद्याचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि कामाच्या वेळा लिहा. नाव पाटीवर आणि बिलावर आहे तेच, अक्षरशः तसंच. नावापुढे ‘स्वस्त’, ‘चोवीस तास’, गावाचं नाव अशी शेपटी जोडायचा मोह आवरा. ते गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी प्रोफाईल बंद झालं तर येणारे फोनही थांबतात. यापुढे जिथे जिथे माहिती भरायची, तिथे याच पानावरून उतरवा.

मग शोधा की तुमच्या नावाचं प्रोफाईल आधीच कुठे पडून आहे का. पूर्वी कुणा ओळखीच्या मुलाने करून दिलेलं असतं, जुना नंबर, जुना पत्ता, आणि ते कोणत्या ईमेलवर आहे हे कुणालाच आठवत नाही. असं असेल तर आधी त्याची मालकी मागून घ्या, दुसरं उघडू नका. मालकीचा ईमेल तुमचा स्वतःचाच हवा. काम एजन्सीला दिलं तरी त्यांना फक्त व्यवस्थापक म्हणून जोडा. पडताळणीसाठी गूगल बरेचदा व्हिडिओ मागतं, म्हणून पाटी, हत्यारं, नाव लिहिलेली गाडी, धंद्याची कागदपत्रं हाताशी ठेवा.

पत्त्याचा प्रश्न आधीच सोडवा. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तुम्हीच त्याच्या घरी जात असाल, तर पत्ता लपवून सेवेचे भाग भरायचे. असे भाग 20 पर्यंत भरता येतात. पण यादी लांबवली म्हणून दूरच्या गावात तुम्ही वर दिसाल, असं होत नाही. कोण वर दिसणार हे ठरवणाऱ्या तीन गोष्टी गूगल स्वतः सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंदा किती नावाजलेला आहे ते. अंतर तुमच्या हातात नाही. पैसे भरून हा क्रमांक विकत मिळत नाही, तेव्हा ‘पहिला नंबर नक्की’ म्हणून फोन करणाऱ्याला सरळ नकार द्या. बाकीच्या दोन गोष्टींवर मात्र मेहनत घ्या.

जुळणीसाठी सगळ्यात वजनदार निर्णय मुख्य कॅटेगरीचा, म्हणजे धंद्याचा प्रकार निवडण्याचा. एक मुख्य आणि वर नऊपर्यंत जादा निवडता येतात. म्हणून वर्षभराची बिलं काढा आणि कोणत्या कामावर घर चालतं ते पाहा. तीच मुख्य कॅटेगरी. त्या बिलांवरूनच सेवांची यादी करा, पण गिऱ्हाईक फोनवर बोलतं त्या शब्दांत: ‘टाकी गळते’, ‘एमसीबी सारखा पडतो’, ‘दाराची बिजागरी निसटली’. वर्णनाला 750 अक्षरं मिळतात. त्यात विशेषणं नकोत, काय करता आणि कुठपर्यंत जाता एवढं लिहा.

फोटो आजपासून जमवा, प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे, घरमालकाला विचारून. नेटवरून उचललेले चकचकीत फोटो लावू नका. घरात कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्याला तुमच्या हाताचं काम बघायचं असतं.

रिव्ह्यूंची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिथेच बहुतेक जण संकोचतात. संकोच करू नका. काम संपलं, पाणी नीट आलं, समोरचा समाधानाने बोलतोय, तीच वेळ विचारायची. प्रोफाईलमधून मिळणारी रिव्ह्यूची लिंक व्हॉट्सॲपवर तयार ठेवा आणि ‘काय काम केलं तेही दोन ओळींत लिहा’ असं सांगा. सूट किंवा भेट देऊन रिव्ह्यू मागू नका आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारू नका, दोन्हीला मनाई आहे. एकदम पंचवीस गोळा करून वर्षभर गप्प बसण्यापेक्षा दर आठवड्याला एखाद-दुसरा बरा. वाईट रिव्ह्यूला रागात उत्तर द्यायचं नाही. रात्र जाऊ द्या, मग चूक असेल तर कबूल करून कधी येऊन दुरुस्त करता ते लिहा. ते उत्तर पुढची अनेक गिऱ्हाइकं वाचणार आहेत.

वेबसाईट असेल तर प्रत्येक मुख्य कामाला वेगळं पान आणि वर बोट लावताच लागणारा फोन नंबर. गावाचं नाव तेवढं बदलून एकाच मजकुराची वीस पानं करू नका, गूगल त्याला स्पॅम धरतं. प्रोफाईलमधून फुकट बनलेल्या जुन्या साईट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. तुमच्या कार्डावर ती लिंक असेल तर कार्ड बदला. बिंग, ॲपल मॅप्स आणि इतर डिरेक्टऱ्यांत वहीच्या पहिल्या पानावरची माहिती एकदा भरून मोकळे व्हा.

काहीही बदलण्याआधी आजची नोंद ठेवा. स्वतःच्या दुकानात बसून शोधलं तर तुम्ही वर दिसणारच, म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या तीन-चार ओळखीच्यांना तोच शब्द शोधायला लावा आणि स्क्रीनशॉट मागवा. प्रोफाईलच्या आकडेवारीतले कॉल वहीत तारखेसह लिहा. आणि उद्यापासून नव्या माणसाचा फोन आला की पत्ता घेण्याआधी विचारा, ‘माझा नंबर कुठून मिळाला?’