दाबमापकाचा आकडा आणि धरणावरचा गळ

पुण्यात गळाने मासेमारी शिकणारा माणूस गाठी, शिसे, आमिष आणि रीळ यांची ओळख झाली की हवामानाकडे वळतो, आणि तेथे त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: हवेचा दाब उतरू लागला की मासा खायला सुटतो आणि दाब चढून स्थिर झाला की तोंड मिटतो. हा सल्ला थंड प्रदेशांतून आलेला आहे. तेथे उष्ण आणि शीत हवेचे मोठे प्रवाह दर काही दिवसांनी एकमेकांना हटवतात, आणि दाबाचा मोठा चढउतार खरोखरच हवामान पालटल्याचे सांगतो. पानशेत, मुळशी किंवा उजनी धरणाच्या काठावर हा सल्ला जसाच्या तसा लावला तर दिशाभूल होते. माझ्या शिकण्याचा फार मोठा काळ याच गुंत्यात गेला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

आपण उष्ण कटिबंधात राहतो. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात भरती-ओहोटीसारखी एक लाट निर्माण होते आणि तिच्यामुळे येथे हवेचा दाब रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत पुण्यात तो तीन-चार हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) सहज उतरतो, आणि तेही आकाशात ढगाचा ठिपका नसताना. नवोदिताला हा रोजचा उतार वादळाची चाहूल वाटतो. त्या दुपारी मासा लागला तर सल्ला खरा ठरतो आणि लागला नाही तर आमिषाला दोष जातो. अशा रीतीने चुकीचा समज वर्षानुवर्षे पक्का होत राहतो.

त्यात मोबाइलची भर पडते. मोबाइलमधील दाबमापक आपण उभे आहोत त्या जागेचा दाब दाखवतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. हवामानाच्या अ‍ॅपवरील आकडा मात्र समुद्रसपाटीशी जुळवलेला, म्हणजे बहुधा हजाराच्या वरचा असतो. हे दोन आकडे एका वहीत मिसळू नयेत. शिवाय आठ-नऊ मीटर चढले की जागेवरचा दाब सुमारे एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणून शहरातून पानशेतकडे गाडीने चढताना दिसणारा उतार निव्वळ रस्त्याच्या चढाचा असतो.

यावर एकच उपाय आहे: आजच्या आकड्याची तुलना कालच्या त्याच वेळच्या आणि त्याच जागेच्या आकड्याशी करावी. हवामानशास्त्रातही चोवीस तासांतील फरक पाहण्याची रीत आहे. एरवी हा फरक किरकोळ असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. तसे काही जवळ येते तेव्हाच हा फरक ठळक होतो, आणि अशा दिवशी घरीच थांबावे.

मासा दाब ओळखत नाही असे माझे म्हणणे नाही. त्याच्या पोटातील वाताशयावर, म्हणजे हवेच्या पिशवीवर, दाबाचा परिणाम होतोच. परंतु पाण्यात दहा सेंटिमीटर खाली गेले तरी दाब सुमारे दहा हेक्टोपास्कलने वाढतो. म्हणजे आपल्या रोजच्या चढउताराइतका फरक माशाला चार सेंटिमीटर वर-खाली होण्यातच मिळतो. रोहू-कटला यांच्या वाताशयाची नळी घशाकडे उघडते, त्यामुळे त्यांना हवा बाहेरही सोडता येते. चिलापीला तशी नळी नसते, तरी इतका बारीक फरक तिलाही जड जाऊ नये.

मग हवामान बदलते तेव्हा मासा का बदलतो? माझ्या मते वारा, उजेड, पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांमुळे. वारा ज्या काठावर आदळतो तेथे पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव गोळा होतात आणि त्यांच्यामागे कटला येतो. शांत, सोयीचा काठ निवडणारे याला मुकतात. उन्हाळ्यात ढगाळ, कोंदट, बिनवाऱ्याच्या रात्रीनंतर पहाटे शेवाळलेल्या पाण्यात प्राणवायू खालावतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडतात. ते भुकेले दिसतात, पण गुदमरलेले असतात. तेव्हा गळ टाकून बसण्यात अर्थ नाही. पहिल्या पावसानंतर ओढ्याचे गढूळ पाणी धरणाच्या निवळ पाण्याला मिळते, त्या रेषेवर गांडुळे आणि किडे वाहून आलेले असतात. ही जागा नवोदितालाही निराश करत नाही. मात्र चढणीला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध, निघालेली, अंड्यांनी भरलेली मादी परत सोडावी, याबाबत मी तडजोड मानत नाही.

चंद्रकलांवरून माशाच्या जेवणाच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपवर पैसे घालवू नयेत. गुरू करायचाच असेल तर उजनीवर जाळे टाकणाऱ्या एखाद्या भोई काकांच्या शेजारी बसावे. ते आधी वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा रंग पाहतात. त्यांच्या मच्छीमार संस्थेकडे बहुधा जलाशयाचा ठेका असतो, तेव्हा परवानगीही तेथेच विचारावी. महिनोन्महिने काही लागले नाही तरी खचू नये, कारण पाणी वाचण्याची नजर सर्वांनाच सावकाश येते.

वळवाच्या दिवसांत मात्र कोणतीही सूट नाही. दुपारनंतर वारा अचानक गार होऊन उलटला आणि उतरलेला दाब एकदम उसळला, तर वादळाची थंड हवा आपल्यापर्यंत पोहोचली आहे असे समजावे. गळाची कार्बनची काठी वीजवाहक असते. ती तत्काळ खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप आधीच मोबाइलमध्ये असावे. पावसाळ्यात शहरात ऊन असतानाही पानशेत-वरसगावच्या पाणलोटात मुसळधार पाऊस चालू असू शकतो, म्हणून खडकवासल्यातून विसर्ग सोडण्याची सूचना निघाली की मुठेच्या पात्रातून लगेच बाहेर पडावे, आणि गळ खडकात अडकला असेल तर दोरी कापून तो तेथेच सोडावा.